७२ हजारांत गेमिंग लॅपटॉप : अकोल्यातील खरेदीच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२४

ताईच्या आवर्ती ठेवीची मुदत पूर्ण झाली असून त्यातून भाच्याच्या लॅपटॉपसाठी ७२,००० रुपये बाजूला काढण्याचे ठरले आहे. ही रक्कम अंतिम आहे. यंत्राची करासह किंमत, माऊस, स्टँड आणि गरज पडल्यास जादा रॅम, एवढे सगळे तिच्यातच बसवायचे आहे. भाच्याने सीईटी दिली आहे, निकाल जूनमध्ये लागेल आणि प्रवेश बहुधा अमरावतीला मिळेल, म्हणजे वसतिगृहात राहणे आले. आपली मागणी त्याने लपवलेली नाही. "मामा, अभ्यासाला कोणताही चालतो, पण मला गेमिंगचाच पाहिजे," असे त्याने ताईसमोरच सांगितले आणि ताईने माझ्याकडे पाहिले. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे ही निवड माझ्याकडे आली आहे, म्हणून नोंदवही सुरू करत आहे.

त्याच्याकडून खेळांची यादी लिहून घेतली. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५ आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात सायबरपंक २०७७. पहिले दोन खेळ साध्या ग्राफिक्स कार्डावरही (खेळाचे चित्र तयार करणारा भाग) नीट चालतात आणि तिसरा तर २०१५ पासून संगणकावर आहे. त्यामुळे खर्च ठरणार आहे तो शेवटच्या दोन नावांवर.

याच पैशांत डेस्कटॉप कितीतरी सरस येतो, हे नोंदवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ३०५०' हे एकच नाव घेतले तरी डेस्कटॉपच्या मूळ कार्डात २,५६० गाभे (गणना करणारे छोटे भाग) आणि ८ जीबी स्मृती होती, तर लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली सुरुवातीला २,०४८ गाभे आणि ४ जीबी मिळाले. परंतु वसतिगृहाच्या खोलीत तिघांमध्ये एक टेबल असते आणि दर सुट्टीला सामान घरी आणावे लागते, त्यामुळे तो पर्याय आजच बाद केला.

२६ मे २०२४

पारा ४५ अंशांच्या वर गेला आहे. दुपारी बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून दिवसभर बसून बाजारातील यंत्रांची माहिती गोळा केली.

पहिला धडा असा की मॉडेलच्या नावावरून काहीच कळत नाही. विक्टस, टफ, नायट्रो, एलओक्यू, थिन ही सगळी घराण्यांची नावे आहेत. एकाच घराण्यात प्रोसेसर, कार्ड, पडदा आणि रॅम यांच्या डझनभर जोड्या असतात व त्यांच्या किमतींत २०-२५ हजारांचे अंतर पडते. 'अमुक घे, चांगला आहे' हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो. खरी ओळख म्हणजे खोक्यावरील लांबलचक भाग क्रमांक. यापुढे या वहीत मी यंत्रांना केवळ अक्षरे देणार आहे.

'क' मध्ये आरटीएक्स २०५० आहे आणि आजची किंमत सुमारे ५३,००० आहे. 'ख' मध्ये ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० असून किंमत सुमारे ६२,०००. 'ग' हे पातळ, हलके यंत्र असून त्यात आरटीएक्स ४०५० आहे, किंमत ६४,०००. 'घ' जाड आहे, त्यातही आरटीएक्स ४०५० च आहे, पण किंमत ७१,०००. भाच्याचे मत अर्थातच 'ग' कडे आहे, कारण तेच कार्ड सात हजार कमी देऊन मिळते आणि यंत्र दिसायलाही देखणे आहे.

एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावरही लाल शाईने लिहिली आहे. लॅपटॉपच्या कागदपत्रांत वापराचे तापमान सर्वसाधारणपणे ५ ते ३५ अंश असे दिलेले असते. मे महिन्यात आमच्या घरातील सावलीसुद्धा त्या मर्यादेबाहेर असते. जी परीक्षणे वाचून लोक खरेदी करतात, ती वातानुकूलित खोलीत, २२ ते २५ अंशांत केलेली असतात. अकोला-अमरावतीसाठी ते आकडे जसेच्या तसे घेता येणार नाहीत.

२८ मे २०२४

'ग' आणि 'घ' मधील सात हजारांचे कोडे आज सुटले. उत्तर वॅटमध्ये आहे.

लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ४०५० साठी एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढी ऐसपैस मुभा ठेवली आहे. म्हणजे तीच चिप, तेच २,५६० गाभे, तोच झाकणावरचा स्टिकर, पण एका यंत्रात तिला ४५ वॅट मिळतात आणि दुसऱ्यात त्याच्या दुप्पट. पूर्वी कमी विजेच्या कार्डाला 'मॅक्स-क्यू' अशी वेगळी पाटी असे, त्यामुळे ग्राहकाला निदान संशय तरी येई. २०२१ च्या आरटीएक्स ३० मालिकेपासून ती पाटी त्या अर्थाने राहिली नाही, आणि वॅटचा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रात तळाशी शोधावा लागतो. विक्रीच्या पानावर तो बहुतेक वेळा नसतोच. उदाहरणार्थ, एमएसआयच्या 'थिन जीएफ ६३' मध्ये हे कार्ड ४५ वॅटचे आहे. कंपनीने तसे लिहिलेले आहे, त्यामुळे त्यात फसवणूक नाही, पण ते वाचणारे कमी.

आमचे 'ग' ४५ वॅटचे निघाले आणि 'घ' ७५ वॅटचे.

याचा अर्थ 'ग' टाकाऊ आहे असा मुळीच नाही. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, छोटा अडॅप्टर आणि हलके वजन. शिवाय वीज दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. शेवटचे वॅट सर्वांत महाग पडतात. प्रश्न एवढाच आहे की सात हजारांत नेमके किती मिळते आणि ते आमच्या हवामानात टिकते का. कागदावरून हे ठरणार नाही, मोजावे लागेल.

२ जून २०२४

सहकाऱ्याच्या मुलाकडे नेमके 'ग' आहे. त्याने दोन तास दिले, त्याचे आभार.

चाचणीची पद्धत पुढे सगळीकडे हीच ठेवायची आहे. पेनड्राइव्हवरील 'युनिजिन हेवन' ही २००९ सालची चाचणी पूर्ण पडद्यावर, १९२० बाय १०८० बिंदूंत, २० मिनिटे सलग चालवायची. ती जुनी आहे हे खरे, पण आकाराने लहान आहे, फुकट आहे आणि कार्डावर सारखा भार ठेवते, मला तेवढेच हवे आहे. सोबत प्रोसेसरला गुंतवून ठेवणारे दुसरे काम लावायचे, कारण खेळात दोघेही एकाच वेळी तापतात आणि अशा यंत्रांत उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या दोघांना सामाईक असतात. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा नोंदवायचा नाही, शेवटच्या पाचांचा नोंदवायचा. यंत्राशेजारी खोलीचे तापमान दाखवणारा साधा तापमापक ठेवायचा.

कूलर चालू असताना खोली ३४ अंशांवर होती. शेवटच्या पाच मिनिटांत कार्ड ४५ वॅट घेत ७९ अंशांवर स्थिर राहिले, प्रोसेसर ९५ अंशांवर गेला. कळफलकाच्या वरची पट्टी बोट ठेवता येणार नाही इतकी तापली होती. फ्रेमचा, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, सरासरी आकडा तुलनेसाठी १०० धरतो.

महत्त्वाचा आकडा ७९ नव्हे, ७९ वजा ३४ म्हणजे ४५ अंश हा आहे. कार्ड खोलीपेक्षा किती अंश वर गेले, हा फरक त्याच भाराला जवळपास कायम राहतो. खोली दहा अंशांनी तापली तर कार्डही साधारण तेवढेच तापते. त्यामुळे वेगवेगळ्या खोल्यांतील यंत्रांची तुलना केवळ या फरकावरूनच करता येते.

९ जून २०२४

प्रोसेसर आणि स्मृती यांचा प्रश्न आज संपवला.

प्रोसेसरच्या नावातील 'यू' आणि 'एच' ही अक्षरे पाहिली की अर्धे काम होते. 'यू' कमी विजेवर चालणारा, 'एच' जास्त वीज घेणारा व वेगवान. गेमिंगसाठी 'एच' हवे. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा केवळ सालाचा आहे, गाभ्याची पिढी तिसरा आकडा सांगतो. म्हणून ७५३५एचएस हे नाव नवे असले तरी गाभा जुन्या झेन ३ कुळातला आहे आणि ७६४०एचएस मध्ये खरोखर झेन ४ आहे. 'ग' आणि 'घ' या दोघांतही इंटेलचा आय५-१२४५०एच आहे, चार मोठे व चार छोटे गाभे असलेला. तो पुरेसा आहे. या किमतीत खेळ अडतो तो कार्डापाशी, त्यामुळे प्रोसेसरवर जादा पैसे टाकायचे नाहीत.

रॅमबाबत मात्र सावध राहायला हवे. जाहिरातीतील '८ जीबी' म्हणजे बहुधा एकच पट्टी असते. पट्टी एक असेल तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील रस्ता एकेरी राहतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या ५१.२. नव्या खेळांना ८ जीबी तशीही अपुरी पडते. म्हणून रिकामा स्लॉट असणे ही अट घातली. एका पट्टीला अंदाजे दोन हजार धरले.

कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीमुळे 'क' बाद झाले. आरटीएक्स २०५० मध्ये ४ जीबी स्मृती आणि तिला जोडणारा मार्ग अवघा ६४ बिटांचा आहे. खेळातील पोत (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) या स्मृतीत मावेनासे झाले की ते मुख्य रॅममधून ओढून आणावे लागतात आणि चित्र मध्येच अडखळते. सरासरी फ्रेमचा आकडा हे लपवतो, कारण ५९ फ्रेम वेळेवर येऊन एक फार उशिरा आली तरी सरासरी चांगलीच दिसते. ४ जीबी आज व्हॅलोरंटला पुरतील, चार वर्षांच्या पदवीला पुरणार नाहीत.

१६ जून २०२४

सीईटीचा निकाल लागला. गुण अपेक्षेप्रमाणे आहेत, अमरावती जवळपास नक्की. घरात पेढे वाटून झाल्यावर अर्ध्या तासात लॅपटॉपचा विषय निघाला.

जुने, वापरलेले आरटीएक्स ३०६० चे यंत्र पन्नास हजारांच्या आसपास मिळत असल्याची बातमी भाच्याने आणली. कार्ड उत्तम आहे, पण वॉरंटी संपलेली, बॅटरी थकलेली आणि पंख्यांत कुणाच्या तरी दोन उन्हाळ्यांची धूळ. बिघाड झाल्यास ताईकडे दुसरे ७२ हजार नाहीत. नकार दिला.

२९ जून २०२४, नागपूर

सकाळच्या गाडीने नागपूर गाठले. सीताबर्डीतील एका दुकानात 'घ' मांडून ठेवलेले होते. पेनड्राइव्ह आणि तापमापक पिशवीतून काढल्यावर दुकानातल्या मुलाने आधी शंकेने आणि मग कुतूहलाने पाहिले. "सर, एवढं तर कंपनीची माणसं बी नाही पाहत," असे म्हणून त्याने यंत्र चार्जरला लावून दिले, हे विशेष. बॅटरीवर चालवले असते तर कार्डाची वीज आपोआप तोडली गेली असती आणि सगळी चाचणी वाया गेली असती.

प्रथम एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडून कमाल वीज खरोखर ७५ वॅट असल्याची खात्री केली. हे तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

वातानुकूलन चालू असल्याने दुकान २६ अंशांवर होते. शेवटच्या पाच मिनिटांत कार्ड ७५ वॅट घेऊन ७२ अंशांवर राहिले, प्रोसेसर ८६ वर. 'ग' चे फ्रेम १०० मानले तर 'घ' चे १२४ आले. पंखे मात्र मोठ्याने वाजत होते. वसतिगृहातील इतर दोघांची मला आतापासूनच कीव वाटते.

पडद्याने निराशा केली. ताजेपणाचा दर १४४ हर्ट्झ आहे, म्हणजे नवे चित्र ६.९ मिलिसेकंदांत येते आणि हालचाल गुळगुळीत दिसते. पण रंग एनटीएससी या रंगमापाच्या ४५ टक्के एवढेच आणि प्रखरता २५० निट. लाल रंग विटकरी दिसतो. छायाचित्रांचे काम करणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये. भाच्याला ते काम नाही, म्हणून ही उणीव पत्करता येईल. बिजागरी घट्ट आहे, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आतील रॅमचा एक स्लॉट रिकामा असल्याचे मुलाने पाठ उघडलेल्या दुसऱ्या यंत्रावर दाखवले.

दुकानातील भाव ७१,५०० होता आणि त्याखाली उतरायला मालक तयार नव्हते. चाचणीसाठी एवढा वेळ दिल्यानंतर तिथून न घेता परतणे मला खटकले, म्हणून माऊस आणि स्टँड त्यांच्याकडूनच घेतले.

६ जुलै २०२४

हिशेब मांडला. 'ग' चे कार्ड खोलीपेक्षा ४५ अंश वर जाते आणि 'घ' चे ४६. म्हणजे 'घ' जवळपास तेवढ्याच उष्णतेत ३० वॅट जास्त पचवते. सात हजार रुपये त्याच्या मोठ्या पंख्यांत आणि जाड नळ्यांत गेले आहेत, हे आता दिसते.

३४ अंशांच्या खोलीत 'घ' चे कार्ड ८० वर राहील. मे महिन्यात कूलर बंद पडून खोली ४० वर गेली तर ८६, आणि या मालिकेतील कार्डे ८७ च्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात. प्रोसेसरचा फरक ६० आहे, म्हणजे ४० अंशांच्या खोलीत तो बरोबर १०० वर पोहोचेल, आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा तेवढीच आहे. उन्हाळ्यात त्याला आवर घालावा लागेल, पण यंत्र चालेल.

'ख' वर शेवटचा विचार केला. ते 'ग' पेक्षा स्वस्त आहे, पण ३०५० ला एनव्हिडियाची नवी फ्रेम निर्मिती (कार्डाने मधल्या जादा फ्रेम स्वतः तयार करणे) मिळत नाही, ती ४० मालिकेपासून पुढेच आहे. दोन हजारांच्या बचतीसाठी मागची पिढी घ्यावीशी वाटत नाही.

निवड 'घ'. अडचण एकच, ती म्हणजे किंमत. रॅम धरून ती ७२ च्या बाहेर जाते.

१४ जुलै २०२४

२० आणि २१ तारखेला ॲमेझॉनचा प्राइम डे आहे, इतर दुकानांच्याही सवलती त्याच सुमारास लागतील. तोपर्यंत थांबायचे. भाच्याचा चेहरा पडला, पण वर्ग सुरू व्हायला अवकाश आहे.

ताईने 'नो कॉस्ट ईएमआय' बद्दल विचारले. त्यात व्याजाएवढी सूट किमतीत दिली जाते हे खरे, परंतु बँक त्या व्याजावर १८ टक्के कर घेतेच आणि वर प्रक्रिया शुल्क लावते. पैसे हातात असताना हप्त्यांचे कारण नाही.

२० जुलै २०२४

मध्यरात्रीच भाच्याने फोन केला. बँकेच्या कार्डावरील तात्काळ सूट धरून 'घ' ६६,९९० ला मिळाले. मागणी नोंदवण्यापूर्वी भाग क्रमांक एकेक अक्षर जुळवून पाहिला. त्याच छायाचित्राखाली आणखी दोन यंत्रे होती आणि त्यांपैकी एकात ३०५० होते.

२५ जुलै २०२४

खोके आले. उघडतानाचे चित्रीकरण भाच्याने सलग केले, अनुक्रमांक बिलाशी जुळला, वॉरंटी आजच नोंदवली. पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असा पूर्ण पडदा करून मेलेले बिंदू शोधले, एकही नाही. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजला ४७६ दिसते. ही चोरी नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. एकट्या फोर्झाला ११० जीबी लागत असल्याने भाच्याला दोन मोठे खेळ एका वेळी, हा नियम समजावला.

एक अनपेक्षित अडचण निघाली. १८० वॅटच्या अडॅप्टरची वायर जाड, १६ अँपिअरच्या पिनची आहे. गिझरच्या सॉकेटमध्ये बसणारी ही पिन वसतिगृहातील पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये जाणार नाही. प्रत्यक्षात २३० व्होल्टवर हा अडॅप्टर एक अँपिअरसुद्धा ओढत नाही. अडॅप्टरच्या बाजूचे तोंड डेस्कटॉपच्या नेहमीच्या वायरसारखेच असल्यामुळे आयएसआय चिन्हाची सहा अँपिअरची वायर १८० रुपयांना घेतली आणि काम भागले.

३१ जुलै २०२४

रॅमची पट्टी मागवली होती डीडीआर४, विक्रेत्याने पाठवली डीडीआर५. खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही, हे एक बरे. जोर लावणाऱ्याचा स्लॉट मात्र तुटू शकतो. बदलून येण्यात चार दिवस गेले. पाठ उघडण्याने वॉरंटी जात नाही, हे सेवा केंद्राकडून आधी लेखी घेतले होते. आज अकरा स्क्रू काढून पट्टी बसवली, त्यांतला एक रबरी पायाखाली लपला होता.

पट्टी बसवण्यापूर्वी आणि नंतर जीटीए ५ ची अंगभूत चाचणी चालवली. सरासरीत थोडीच वाढ झाली, पण मधले अडखळणे जवळजवळ नाहीसे झाले, आणि ते भाच्याच्या आधी ताईच्या लक्षात आले.

४ ऑगस्ट २०२४

खोली ३० अंश, त्यामुळे हिशेबाप्रमाणे कार्ड ७६ वर राहायला हवे होते. प्रत्यक्षात ७८ निघाले. मागची बाजू स्टँडने उचलल्यावर ७५ वर आले. नागपूरला यंत्र काचेच्या उघड्या मांडणीवर होते आणि इथे मागे भिंत होती, फरक बहुधा त्याचाच आहे.

पुढील मांडणी करून दिली आणि कागदावर लिहून चार्जरच्या पिशवीत ठेवली. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल, कारण सतत पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर मरते. फोर्झा आणि सायबरपंकला ६० फ्रेमची मर्यादा लावावी, विशेषतः मार्च ते जूनमध्ये, म्हणजे कार्ड पूर्ण वीज मागणारच नाही. गादीवर ठेवून खेळू नये, खालून हवा घेणारी जाळी बंद होते. बायोसमधील (यंत्र सुरू होतानाची मूळ मांडणी) सिक्युअर बूट ही सुरक्षा सोय बंद करू नये, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय सुरू होत नाही. महाविद्यालयाने विंडोजऐवजी उबंटू ही प्रणाली मागितली तर मला फोन करावा.

खर्च : यंत्र ६६,९९०, रॅम १,८५०, स्टँड ७००, माऊस ६५०, वायर १८०, एकूण ७०,३७०. उरलेल्या १,६३० रुपयांचा हेडफोन घ्यावा असे भाच्याचे म्हणणे आहे आणि खोलीतील इतर दोघांचा विचार करता ते मला पटले आहे. ताईने अजून होकार दिलेला नाही. तापमापक मी त्याच्या बॅगेत टाकला असून पुढच्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या खोलीतले आकडे त्याने पाठवायचे आहेत.